मामांची शिंक आणि गुहेतली करंगळी

ती. मामांस,

नमस्कार. (साष्टांग नाही, तेवढं वाकायची आज मनःस्थिती नाही.) मामींचे गुडघे कसे आहेत? आणि तुमची सर्दी? सर्दीचं मुद्दाम विचारते आहे.

प्रयोगशाळा बघायचा हट्ट तुम्ही धरलात आणि मी नखशिखान्त पांढरा पोशाख चढवून तुम्हाला आत नेलं. टेबलावर गुहेत सापडलेलं करंगळीचं हाड होतं, माणसाच्या एका नामशेष भावकीचं. त्या लोकांचा चेहरासुद्धा कुणाला ठाऊक नाही. जे कळायचं ते त्या हाडाच्या चिमूटभर भुकटीतून. मी बापडी सांगत होते, की हे लोक आपल्या पूर्वजांत मिसळले, त्यांचा थोडा अंश आजही कुणाकुणात आहे. झालं! बसथांब्यावरच्या अनोळखी माणसाशीही नातं काढणारे तुम्ही! 'म्हणजे आपले पाहुणेच की!' म्हणत मास्क हनुवटीवर ओढलात, हाडावर वाकलात आणि शिंकलात. (तुम्हाला मास्कमधून ऐकू येत नाही, म्हणून मलाही माझा खाली करून तिथंच तुमच्यावर ओरडावं लागलं. घसा बसला तो वेगळाच.)

आता निकाल ऐका. इतका जुना डीएनए तुटका, झिजलेला असतो. आमच्या नळीत निघाला तो ताजा, टवटवीत, आणि त्यातली आईकडून येणारी खूण माझ्याशी तंतोतंत जुळली! (ती तुमची नि माझी एकच, दोघांकडे आजीकडूनच आली.) आमच्या प्रमुख बाईंनी माझी किल्ली काढून घेतली. हाडाचा कणभर तुकडा उरलाय. त्याला मी हात लावायचा की कायमचं घरी बसायचं, हे सोमवारी ठरणार. इतकी हजारो वर्षं गुहेत सुखरूप राहिलेला माणूस आपल्या घराण्याच्या हाती लागला आणि वाया गेला! नुसता संताप होतोय, मामा. बाईंना काय तोंड दाखवू?

तुमचीच (आता पुराव्यानिशी, त्यामुळे नाइलाज आहे),
भाची

ता. क. सोबतची कापसाची काडी गालाच्या आतून घासा, नळीत घाला आणि लगेच पाठवा. डीएनए पुरुषाचा निघून तुमच्याशी जुळला, की शिंक तुमची आणि किल्ली माझी.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच बाईंचा निरोप आला. डीएनए बाईमाणसाचा आहे. पुरुषाचा त्यात मागमूस नाही. तेव्हा काडी राहू द्या. त्या दिवशी तुमच्याबरोबर आईसुद्धा आत आली होती ना? नीट आठवून बघा, मामा. नातं काढायचं असलं की तुम्हाला वाट्टेल ते आठवतं.