फियाटची उघडी दारं

मी, श्रीमती चंदनबाला सुकुमार मगदूम, वय चौसष्ट, राहणार विश्रामबाग, सांगली, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. येत्या गुरुवारी मिरजेला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. असं कुणी म्हटलं की मला जास्तच काळजी वाटते. वकिलांचा मसुदा मी बाजूला ठेवला आहे. त्यातलं पहिलंच वाक्य दीड पान चाललं होतं. पाचगणीच्या शाळेतल्या आमच्या सिस्टरनी त्यावर लाल पेन्सिल मोडली असती.

१. राहता फ्लॅट, बँकेतल्या ठेवी आणि माझ्या पाटल्या माझी एकुलती मुलगी ब्राह्मी हिला मिळाव्यात. ब्राह्मी, फ्लॅट विकावासा वाटला तर खुशाल वीक. पाटल्या मात्र मोडू नकोस, त्या आजीच्या आहेत.

२. शिलाई मशीन सुलाबाईंना द्यावं. इतकी वर्षं त्यांनी माझं घर सांभाळलं. त्या नको म्हणतील. ऐकू नये.

३. माझ्या वडिलांची १९६८ सालची फियाट. इथे माझा हात अडतो.

या गाडीतून बाबा मला दर जूनमध्ये पसरणीच्या घाटानं पाचगणीला शाळेत सोडायचे. उतरायची वेळ आली की मी दाराच्या आतला पट्टा धरून बसायची. बाबा रागवायचे नाहीत. इंजिन बंद करून थांबायचे, मी पट्टा सोडेपर्यंत.

२०१९च्या मोठ्या पुरात माझे दीर, बाहुबली भाऊजी, यांनी मला न विचारता या गाडीत ओली हळदीची पोती कोंबली आणि ती मलकापूरला नेली. हळद वाचली. दारांचं क्रीम रेक्झिन कायमचं पिवळं झालं, आतला हार्डबोर्ड फुगला. मी रडले, तर म्हणाले, "वैनी, गाडीला हळद लागली, शुभच हाय की!" हे मी विसरलेले नाही आणि विसरणार नाही, याची नोंद असावी.

आता केरबा कुशनवाल्यांच्या मलकापूरच्या शेडमध्ये ती चारही दारं उघडी टाकून उभी आहे. दारांना आतून नवे पॅड, म्हणजे रेक्झिन चढवलेले बोर्ड, बसवायचे आहेत. परवा केरबांचा फोन आला. "ताई, बोर्ड पापडागत फुगल्यात. नवं कापतो, पर तुमी दवाखान्यात गेल्यावर इचारायचं कुणाला?" तेव्हापासून मला झोप नाही. ब्राह्मीला बेंगळुरूत गाडी लावायला जागा नाही; तिनं तसं स्पष्ट आणि प्रेमानं सांगितलं आहे. भाऊजी तर ती भंगारात घाला, असंच म्हणत आले.

म्हणून, गाडी ज्याच्याकडे जाईल त्यानं एवढं करावं: नवे पॅड बसेपर्यंत जुने टाकू नयेत, हँडलची भोकं त्यांवरूनच आखायची आहेत. पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवावा. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच. ते बाहेर पडायची दाराखालची छिद्रं हळदीनं बुजली आहेत, ती मोकळी करावीत. पॅड क्लिपांवर बसवावेत, घाईनं स्क्रू मारू नयेत. पावसाच्या आत व्हावं. जुना पट्टा परत लावावा.

घेणाऱ्याचं नाव:

ही जागा कोरी ठेवूनच मी आज सहीसाठी सगळ्यांना बोलावलं. पहिले साक्षीदार म्हणून भाऊजींचं नाव टाईप करून आणलं होतं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"वैनी, मी सही करणार न्हाई."

"हळदीचं लिहिलं म्हणून?"

"ते खरंच हाय. पर वकील म्हणतोय, साक्षीदारानं काय घ्यायचं नसतंय."

"तुम्हाला काय हवंय?"

"आवं, भंगारात घालायला तरी कुणीतरी पायजे न्हवं?"

"भाऊजी, खरं बोला."

"दर रविवारी मलकापूरला जातोय मी. केरबाला इचारा. बसतोय जरा गाडीत."

मी पेन उचललं. मग म्हटलं, "रेक्झिन क्रीमच लागेल."

"लय मळतंय ते. मरून रंगाचं घालू."

"मग नाव लिहीत नाही."

"बरं, क्रीम तर क्रीम!"

तेव्हा वरच्या कोऱ्या जागी वाचावं: श्री. बाहुबली देवगोंडा मगदूम. ब्राह्मीला फोनवर विचारलं आहे. ती हसली आणि हो म्हणाली. माझी धास्ती गेलेली नाही, पण आज जेवण गेलं.

मी मिरजेहून परत आले, तर गाडी माझीच राहील. भाऊजींनी रविवारी पुढच्या सीटवर बसावं, मी चालवीन.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, वाचून पाहिलं आणि साक्षीदारांसमोर खाली सही केली.

(सही) चंदनबाला सु. मगदूम

साक्षीदार:
१. टाईप केलेलं नाव खोडून, माझ्या संमतीनं: संयोगिता यशराज शिंदे, शेजारीण (सही)
२. आप्पासो भूपाल चौगुले, निवृत्त शिक्षक (सही)

सांगली, ११ मे २०२५