मऊ धक्क्याची बंदूक

४ ऑगस्ट १९८६

ती. आर्डिसताईस लोवेलचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. आईला मातीत ठेवून आलो त्याला अकरा वर्षं झाली आणि तेव्हापासून नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, हे मला ठाऊक आहे. शिव्या भेटीत घाल.

तू कळवलंस की पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याला कसायला जाणार, म्हणजे यंदाची ऑक्टोबरातली फेझंट पक्ष्यांची शिकार घरची शेवटची. मी येणार आहे. बाबांच्या समोर, त्याच ज्वारीत उभं राहून एक फेझंटचा कोंबडा पाडायचा आणि परत फिरायचं.

अडचण बंदुकीची आहे. गेल्या रविवारी एका दोस्ताची दुनळी उडवून पाहिली. दुसऱ्या बाराला उजवा हात बोटांपर्यंत बधिर झाला आणि मी मटकन खाली बसलो. कत्तलखान्यात दिवसभर डुकरांचे गळे चिरणारा गडी बंदुकीला घाबरतो म्हणून सगळे पोट धरून हसले. आपोआप भरणाऱ्या बंदुकीचा धक्का मऊ असतो म्हणतात. तू हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरवर बावीस वर्षं उभी आहेस. दोनशे डॉलरच्या आत काय मिळेल ते सांग. काय घेऊ नको तेही सांग, म्हणजे तुला बोलायला भरपूर मिळेल.

लोभ आहेच, तो ऑक्टोबरपर्यंत तरी टिकव.
तुझा लोवेल

१३ ऑगस्ट १९८६

चि. लोवेलला ताईचे अ. उ. आ.

अकरा वर्षांनी भावाला बहीण आठवली ती सुद्धा दुकानदारीण म्हणून! असो. ऐक आता.

स्वस्तातली नवी घेऊ नकोस. खोक्यात छान दिसते, पण थंडी पडली की दुसरं काडतूस अडकतं आणि तू दस्त्यावर थपडा मारत बसतोस तोवर पक्षी शेजारच्या शेतात. पाठीवर कुबड असलेली जुनी घेऊ नकोस. ती मजबूत असते, पण तिची सगळी नळीच मागे येते आणि खांद्याला दोनदा ढकलते. तुला हवी ती वायूवर चालणारी. बाराच्या धुराचाच जोर वापरून ती पुढचं काडतूस भरते, म्हणून तुझ्या वाट्याला कमी येतं. फक्त तिला आतून साफ ठेवावं लागतं, आणि तुझी न्हाणीघराची सवय मला माहीत आहे. बारा बोअरची नको, वीस घे, ती हलकी असते. दिवसभर ढेकळांतून चालायचंय. आणि वापरलेली घे. माझ्या नजरेत एक आहे, किंमत मी पाडून घेते.

आता एक विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. ही बंदूक पक्ष्यांसाठी घेतोयस की बाबांसाठी? बाबा अठ्ठ्याहत्तरचे झाले. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हात मात्र अजून तसाच चालतो. परवा वासराने बादली सांडली म्हणून त्याच्या तोंडावर फावडं घातलं. वासराचा जबडा मोडला, मलाच त्याला गोळी घालावी लागली. त्यांची बाजू मी घेत नाही. पण तू तुरुंगात गेलास तर मला नाताळचं कार्डसुद्धा यायचं नाही.

उत्तर आल्याशिवाय बंदूक घेणार नाही.
आर्डिस

२९ ऑगस्ट १९८६

ती. ताईस सा. न.

सरळ उत्तर म्हणजे दोघांसाठी.

मी पंधराचा होतो. सूर्य डोळ्यांवर होता, मला पक्षी नुसता काळा दिसला. आपल्याकडची रीत तुला मी काय सांगू? कोंबडाच मारायचा, मादी मारायला कायद्याने बंदी. ज्याला नीट दिसतं तो हाक देतो, कोंबडा असला तर कोंबडा, मादी असली तर मादी, आणि बाकीचे त्या हाकेवर विश्वास ठेवतात. बाबांनी कोंबडा म्हणून हाक दिली. मी चाप ओढला आणि मादी पडली. सगळ्या शेजाऱ्यांसमोर बाबांनी विचारलं, तुला डोळे आहेत की बटणं. मी म्हणालो, तुम्हीच हाक दिलीत. मग त्यांनी दुनळी उलटी धरली आणि दस्त्याने मला मारलं. पहिला दणका पाठीत, दुसरा मानेवर. तिसऱ्याला खांद्याचं हाड मोडलेलं मी कानांनी ऐकलं. चौथा मी जमिनीवर असताना. डॉक्टरला बाबांनी सांगितलं, पोरगा गवताच्या माळ्यावरून पडला. गाडी तू चालवत होतीस.

गळे चिरताना मला रोज ती दुनळी आठवते. मारायचं ठरवून मी येत नाही. पण येऊन काय होईल ते मला माहीत नाही, आणि तुला खोटं लिहिणार नाही.

एक मीही विचारतो. शिकाऱ्यांच्या त्या रांगेत तू माझ्यापासून दहा पावलांवर होतीस. ती हाक तू ऐकली होतीस का?

राग नसावा.
लोवेल

२२ सप्टेंबर १९८६

चि. लोवेलला अ. आ.

ऐकली होती. स्पष्ट ऐकली होती. बावीस वर्षांची घोडी होते मी, आणि तोंड उघडलं तर पुढचा दणका मला, एवढंच डोक्यात आलं. डॉक्टरने माझ्याकडे बघून विचारलं तेव्हा माळ्याचं मीच सांगितलं. बाबा तर बोललेही नव्हते. तुझी आठवण त्या ठिकाणी चुकते आहे. ती सुधारून घे.

बंदूक घेतली आहे, वीस बोअर, वायूवाली, एकशे ऐंशीला. मालक वारला, बाईला ती डोळ्यांसमोर नको होती. मी पन्नास बार उडवून पाहिले, एकदाही अडली नाही. मोडका खांदा पुढे झुकलेला असतो, म्हणून दस्ता एक इंच कापून घेतला आणि मागे जाड रबर बसवलं. आता ती तुझ्याशिवाय कोणाला नीट लागायची नाही.

नियम माझे. बंदुकीत तीनच काडतुसं. कुंपण ओलांडताना रिकामी. आणि तू चालशील माझ्या शेजारी. बाबा शेताच्या टोकाला उभे राहतील, तुमच्यामध्ये अख्खं रान असेल. टिलीला आणते आहे. म्हातारी झाली, पण तिच्यासारखं नाक तालुक्यात दुसऱ्या कुत्रीला नाही. तुझ्यासाठी खसखशीचा कुखन केक करून ठेवते.

ये. मला तुला बघायचंय.
आर्डिस

२० ऑक्टोबर १९८६

ती. ताईस सा. न.

तू टिलीवर वाकली होतीस आणि तुझ्या हातातून रक्त गळत होतं, म्हणून तुला सगळं दिसलं नसेल. मी तसाच गाडीत बसून पळालो. जे झालं ते लिहून देतो. पोलीस आले तर हेच पत्र त्यांच्या हातात दे.

ज्वारी संपायला तीस पावलं उरली होती. टिलीने पक्षी उठवला, अगदी खाली, तिच्या नाकासमोरून. टोकावरून बाबांनी हाक दिली, कोंबडा. मी बंदूक उचलली आणि पक्ष्यामागे फिरवली. मादी होती. मी चाप ओढला नाही. बाबांनी ओढला, दोन्ही नळ्या, आपल्या दिशेने. मादीच्या चिंध्या झाल्या, टिलीचं डोकं गेलं, आणि तू हात धरून खाली बसलीस.

पक्षी पडला तरी माझी नळी तिथेच होती, आणि तिच्या टोकावर बाबांची लाल टोपी. बंदूक खांद्याला इतकी चपखल बसली होती की काही दुखत नव्हतं. तीन काडतुसं होती. किती वेळ तसा होतो कोण जाणे. मग मी ती एकेक करून मातीत काढली आणि बंदूक खाली ठेवली. इथवर मी मला शाबासकी देतो.

बाबा आले आणि ओरडले, कुठल्या गाढवाने हाक दिली म्हणून. तेव्हा तू बोललीस. तुम्हीच दिलीत बाबा, आणि त्या वेळीही तुम्हीच दिली होती. ताई, एवढं ऐकायला मी चारशे मैल आलो होतो हे मला तिथे कळलं. त्यांनी दुनळी उलटी धरली आणि तुझ्यावर उगारली. ती मी हिसकली. एकच दणका मारला, उजव्या खांद्यावर. आवाज तोच होता. दुसऱ्यासाठी हात वर गेला होता, तुझी किंकाळी ऐकून थांबला. तू किंचाळली नसतीस तर थांबला असता असं मी लिहिणार नाही.

माझी बंदूक तिथेच राहिली. तुझा हात कसा आहे ते कळव.
लोवेल

२८ ऑक्टोबर १९८६

चि. लोवेलला अ. आ.

पोलीस येणार नाहीत. हातातून सहा छर्रे काढले, बोटं हलतात. टिलीला सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं.

दवाखान्यात डॉक्टरने बाबांना विचारलं, हे कसं झालं. मी सांगायला तोंड उघडलं होतं, या वेळी खरं तेच सांगणार होते. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, माळ्यावरून पडलो. दहा वर्षांत त्या शिडीला हात लावला नाही या माणसाने. डॉक्टरने लिहून घेतलं. माफी वगैरे शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही, तू वाट पाहू नकोस, मीही पाहत नाही. घरी येताना मी गाडी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले, त्यांना दिसेल अशी.

परवा ते दुकानात आले, हात गळ्यात बांधलेला. काउंटरसमोर उभे राहिले, गिऱ्हाईक राहतं तसे. म्हणाले, दुनळीचा धक्का आता सोसायचा नाही. फार महाग नको, पण मऊ लागेल अशी एखादी आहे का. बावीस वर्षांत हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला असेल.  मी त्यांना म्हटलं, पंधरा दिवसांनी या.

काय देऊ रे त्यांना?
आर्डिस

४ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

माझी दे. मला पुन्हा बंदूक नको. तुझ्याकडे मी कुखन खायला येत जाईन.

त्या कापलेल्या दस्त्याला कोणाला हात लावू देऊ नकोस. त्यांना आता तेच माप बसेल.

तुझा,
लोवेल