मृगळाच्या पायातला ऋकार

अण्णा, तुमची धरणावरची कच्ची वही काल माळ्यावरून खाली काढली. पत्र्याच्या पेटीत होती, तुमच्या खाकी रेनकोटखाली. आई म्हणाली, "घेऊन जा ती एकदाची. इतकी वर्षं झाली, माशांचा वास काही गेला नाही तिचा." वास खरंच गेलेला नाही. मी ती मांडीवर घेऊन बसले आहे आणि तुमच्याशी बोलायचं कुठून सुरू करू ते कळत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही संशयी होतात. हे मी आधी सांगून टाकते, कारण हा गुण तुमच्याकडून माझ्यात आला आणि सगळं रामायण त्यातूनच घडलं. दूधवाल्याचं माप तुम्ही बोट घालून बघायचात. माझा ताप आईने बघितला तरी थर्मामीटर झटकून पुन्हा लावायचात. एकदा सुट्टीत हट्ट करून मी तुमच्याबरोबर, तुमच्या मत्स्यखात्याच्या कामावर, धरणावर आले होते, सातवीत असेन. सकाळची वेळ, जाळी काठाला लागलेली, आणि तुम्ही त्या लाकडी मोजपट्टीच्या फळीसमोर उकिडवे बसलेले. फळीच्या एका टोकाला उभी पट्टी ठोकलेली, तिला माशाचं नाक टेकवायचं आणि शेपटीपर्यंत वाचायचं. एक म्हातारे मच्छीमार मासा ठेवता ठेवता शेपटी हळूच ताणायचे, आपला मासा मोठा लिहिला जावा म्हणून. तुम्ही वर न बघता म्हणायचात, "बाबा, शेपूट सोडा. नाक टेकलं का?" ते हसून म्हणाले, "टेकलं की साहेब! तुमास्नी तर बायकोबी दोनदा मोजून घेतली आसंल." सगळे खो खो हसले. तुम्ही मासा उचललात आणि पुन्हा मोजलात. आकडा तोच आला. तुम्ही लिहिलंत, जातीचं पहिलं अक्षर आणि पुढे सेंटीमीटर. रोहूला रो, कटल्याला क.

त्याच वर्षीचा स्वयंपाकघरातला एक दिवस आठवतो. आई भाकऱ्या थापते आहे, मी पाटावर बसून शुद्धलेखनाची वही तुमच्यापुढे धरते, आणि तुमचं बोट एका शब्दावर थांबतं. मी 'मृग' लिहिताना ऋकार द्यायचा विसरले होते. 'मग नक्षत्र' झालं होतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण पन्नास वेळा लिहायला लावलंत. "पायातलं चटकन दिसत नाही, म्हणून ते नसतं का?" असं म्हणालात. आई म्हणाली, "अहो, जेवू दे तिला, एवढ्याशा शेपटासाठी काय जीव घेता!" मी रडत रडत पन्नास ऋकार काढले. राग आला होता मला तुमचा, खूप आला होता.

आणि रविवारची मरळ. तुम्ही कधी कधी रविवारी पिशवीतून मरळ आणायचात, काळी, जाड, तेव्हाही महागच असलेली. आई विचारायची, "कुठून आणलीत?" तुम्ही म्हणायचात, "मिळाली." तेवढंच. दूधवाल्याला फैलावर घेणारा माणूस स्वतःच्या पिशवीबद्दल एका शब्दात उत्तर देतो, हे मला तेव्हाही खटकलं होतं. मी रस्सा ओरपायचे आणि मनात शंका ठेवायचे.

तुम्ही गेलात, मी संख्याशास्त्र शिकले, लग्न होऊन आडनाव बदललं, गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. मग विभागात एक काम आलं, धरणांतल्या माशांच्या जुन्या नोंदींचं. खात्याने तेव्हा कच्च्या वह्यांचे झेरॉक्स काढून वह्या ज्याच्या त्याला परत दिल्या होत्या; ते झेरॉक्सचे गठ्ठे टेबलावर पडले आणि दुसऱ्याच गठ्ठ्यात तुमचं अक्षर दिसलं. मी कुणाला काही बोलले नाही.

काम तुम्हाला आवडलं असतं. संगणकाला प्रत्येक माशाची जात आणि लांबी द्यायची. प्रत्येक जातीच्या मर्यादा आधी सांगून ठेवायच्या, की तो मासा आपोआप त्याच्या खणात जातो: लहान, बरा, चांगला, मोठा, अजस्र. लांबी तीच असली तरी जात बदलली की खण बदलतो. बेचाळीस सेंटीमीटरची मरळ म्हणजे मोठी, आणि बेचाळीसचा मृगळ म्हणजे अजून पोरगेलाच. मी तुमच्या नोंदी भरल्या, बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत राहिले. मरळच मरळ. तीही सगळी मोठ्या नाहीतर अजस्र खणात. मृगळ मोजून चार-पाच. दरवर्षी ज्या धरणात खातं मृगळाचं बीज, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडत होतं, तिथे मृगळ नाही आणि मरळींची जत्रा!

आमचे विभागप्रमुख सर मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, हे गृहस्थ धरणावर गेलेच नसावेत. घरी चहा पीत आकडे भरलेत."

अण्णा, मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, की हा माणूस प्रत्येक मासा दोनदा मोजायचा, मी डोळ्यांनी बघितलंय. पण माझ्या डोळ्यांपुढे रविवारची पिशवी आली. 'मिळाली' आलं. वाटलं, म्हणजे तेव्हाची शंका खोटी नव्हती. मच्छीमारांचं काही भलं करायला, की कुणा साहेबाला खूश करायला, की नुसत्या आळसाने, कशासाठी ते माहीत नाही, पण तुम्ही लिहिलंत खोटं. आणि मी सरांना म्हणाले, "वगळून टाकू." इतक्या सहज म्हणाले, की त्याची आता लाज वाटते. अहवालात तळटीप गेली: एका नोंदवहीतील मोजमापे विश्वासार्ह नसल्याने घेतलेली नाहीत. ती मीच टाईप केली.

काल तुमची कच्ची वही उघडली. पहिलंच पान. निळ्या रेघा, तुमचं बारीक अक्षर, रेघेला अगदी चिकटून. आणि म च्या पायात, रेघेवरच बसलेला, निळ्या शाईचा एवढासा ऋकार. मृ ३८. मृ ४२. मृ ४०. पानामागून पान मृ. मध्येच कुठेतरी एखादा साधा म, मरळीचा, महिन्यातून दोन-तीनदा. झेरॉक्समध्ये रेघा काळ्या ठळक उठल्या होत्या आणि त्यांनी तुमचे सगळे ऋकार गिळून टाकले होते. जे चार-पाच वाचले ते रेघेच्या जरा वर राहिले होते म्हणून. मी, जिने पन्नास वेळा मृग लिहिलं होतं, तिने शेकडो मृगळांची मरळ केली.

बराच वेळ मी वही धरून नुसती रडले. आई दाराशी येऊन म्हणाली, "वासाने डोळे चुरचुरतात ना?" मी हो म्हणाले.

आज सकाळी सगळ्या नोंदी वहीवरून पुन्हा भरल्या. मृगळ आपापल्या खणांत गेले, बहुतेक लहान आणि बऱ्यामध्ये, जसे कुठल्याही धरणात असायला हवेत. सरांना फोन करून म्हणाले, झेरॉक्सची चूक होती, तळटीप काढावी लागेल. ते म्हणाले, "अरेच्चा! मूळ वही मिळाली कुठे तुम्हाला?" मी म्हणाले, "मिळाली." तुमच्याच सुरात म्हणाले, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. रविवारची मरळ कुठून यायची ते मला अजून ठाऊक नाही. शंका पुरती गेलेली नाही, तुमचीच मुलगी आहे मी.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच ठेवते, पहिल्या पानाशी. पण एक गोष्ट सांगायची राहिली. ही वही माळ्यावर आहे, हे मला कालच कळलं असं नाही. झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर आला त्या दिवशीही ठाऊक होतं. तीन वर्षं दर दिवाळीला मी त्या पेटीवरची धूळ पुसली आणि ती उघडली नाही, कारण तुम्ही खोटेच निघाल अशी माझी खात्री होती.