माझ्या अंगावर भंडारा टाकू नये

मी, हरिओम राघोबा बिरादार, वय तेवीस, राहणार कोहिनूर, तालुका बसवकल्याण, हे कुणाच्या धाकानं लिहीत नाही, रागात लिहितोय. डोकं आज ठिकाणावर आहे. पुढं राहील याची हमी नाही, म्हणून आजच.

सगळं बदललं ते गेल्या वर्षी अठरा जुलैला. हैदराबादच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दोन थाळ्या पुढे ठेवल्या. एकीत निरोगी मेंदूचा काप, दुसरीत माझ्या वारलेल्या वडिलांच्या मेंदूचा. हातापायांची हालचाल आवरणारी एक गाठ मेंदूत आत असते. वडिलांची ती वाळक्या तुरीच्या शेंगेसारखी आक्रसली होती, शेजारच्या पोकळीत माझं बोट मावलं असतं. बाई म्हणाल्या, "हंटिंग्टनचा आजार. बापाकडून पोराला उतरतो. तुला असायची शक्यता निम्मी."

म्हणजे नऊ वर्षं वडिलांच्या अंगात नाचला तो मैलार मल्लण्णा, आमचा खंडोबा, नव्हता.

कलम १. माझ्या वाट्याचं तीन एकर रान आई सोजराबाईच्या नावे. घास घशात अडकू नये म्हणून तिनं वडिलांना भाकरी दुधात कुस्करून भरवली. देवाला जेवू घालते म्हणून लोक तिच्या पाया पडले. हातभार लावायला कुणी आलं नाही.

कलम २. चुलते तानाजी काका यांना वडिलांचे घुंगरू आणि भंडाऱ्याची पिशवी. वडिलांचा हात पहिल्यांदा झटकला तेव्हा "देव आला" ही आरोळी यांचीच. मग लोक लग्नाचं, हरवलेल्या म्हशीचं विचारायला लागले. मान उजवीकडे उडाली की व्हय, डावीकडे उडाली की न्हाई. मेंदू तपासायला द्यायची सही मी केली, तर काका म्हणाले, "देवाचं डोकं फोडलास की रं." मी त्यांची कॉलर धरली. पश्चात्ताप नाही.

कलम ३. मोटरसायकल मित्र वीरेशला. कॉलेजात त्यानं वडिलांच्या चालीची नक्कल केली, मी त्याचा दात पाडला आणि दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं. पुढं वडिलांना खांद्यावर घेऊन दवाखान्याचा जिना चढला तोही वीरेशच. दाताची भरपाई समजावी.

कलम ४. माझा मेंदू त्याच दवाखान्याला द्यावा. रडारडीत वेळ घालवू नये, तो लवकर खराब होतो.

कलम ५. माझे हातपाय हलू लागले तर कौल मागू नये, भंडारा टाकू नये. डॉक्टर बोलवावा. हे मुद्दाम लिहितोय, कारण काल चहाचा ग्लास हातातून सुटला आणि काका ओरडले, "आला! मल्लण्णा आला!" उद्या चंपाषष्ठी. आत्ता अंगणात चाळीस माणसं नारळ घेऊन बसलीत.

मी खिडकीतून ओरडलो, "गिलास गरम होता, काका!"

"पयल्यांदा देव असंच म्हणतोय," काका म्हणाले. माणसांनी मान डोलावली.

कलम ६. माझ्या रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट दोन महिने दवाखान्यात पडून आहे. मी आणायला गेलो नाही. माझ्यामागे तो मन्नाएखेळ्ळीच्या ज्योतीनं उघडावा. तिच्याशिवाय मला कुणाशी लग्न करायचं नव्हतं, आणि हो म्हणायची हिंमत झाली नाही.

एवढं लिहून तिला फोनवर वाचून दाखवलं.

"तू मेल्यावर रिपोर्टचं काय करू? लोणचं घालू?" ती म्हणाली. "देवाशी लगीन करायची हौस न्हाई मला, मढ्याशी तर न्हाईच. स्टँडवर उभी हाय मी. दीडच्या हैदराबाद गाडीनं जायलाव आपण. येणार हैस का न्हाई?"

"काय निघाल तर?"

"निघाल ते दोघं वाचू."

सबब कलम ६ रद्द. खोडलं आहे, बाजूला सही केली आहे.

साक्षीदार: बसवंतप्पा गुरुजी, हावगेप्पा. दोघांना यातलं काही मिळणार नाही, आणि दोघांनी मला सही करताना पाहिलं. सही वाकडी आली आहे. रागानं की कशानं, आज सांगता येत नाही.

सही: हरिओम राघोबा बिरादार
कोहिनूर, २५ नोव्हेंबर २०२५

सह्यांनंतरची ओळ, उभ्यानं लिहिलेली: कागद गुरुजींच्या हाती देतोय. काका ओंजळीत भंडारा घेऊन उंबऱ्यावर उभे आहेत. त्यांना बाजूला सारून स्टँडकडे निघतोय. दार मीच ओढून घेतो.