वहिनी मांत्रिकीण झाल्याचे कळविण्याबाबत

मुलुंड (पूर्व),
ता. १४ जुलै

चि. खंडूस,

रत्नप्रभा वहिनीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा, नीलाचा खोकला आणि आपली गाभण म्हैस, तिघांचीही खुशाली कळव. (म्हशीला शेवटी घातलं म्हणून तिनं वाईट वाटून घेऊ नये. काळजी तिचीच जास्त आहे, तुम्ही दोघं निदान बोलून दाखवता.) इकडे मी आणि दिशा ठीक आहोत. पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला "बरं बरं, ठेवतो" म्हणतोस, आणि मला जे सांगायचंय ते तीन वाक्यांत बसत नाही.

तू विचारलं होतंस, तुझ्या दादांच्या गाऱ्हाण्याची वही घरात कुठे सापडते का. नाही सापडली. कपाट बघितलं, पोटमाळा बघितला, त्यांची कामावरची पेटी बघितली. पेटीत नट आवळायचे चार पाने, एक चष्मा आणि गिरणी बंद पडली त्या वर्षाचं कॅलेंडर निघालं. इतकी वर्षं ते गणपतीसमोर उभे राहून घराण्याच्या वतीनं देवाला सगळं तोंडपाठ सांगायचे, पण लिहून ठेवावं असं त्यांच्या मनात आलं नाही, कारण आपण जाणार हेच त्यांच्या मनात नव्हतं. मग गेल्या वर्षी तू मोबाइलवर भलत्याच गावचं गाऱ्हाणं उघडून वाचलंस. त्यातली ग्रामदेवताही त्यांचीच ठेवलीस. मध्येच फोन वाजला, आणि सिमकार्ड विकणाऱ्या मुलीला तू देवाच्या आवाजात "नको गं बाई" म्हणालास. मी मागे बायकांत उभी होते. रडू यायच्या जागी हसू आलं. त्याआधी मी आरतीचं ताट घेऊन पुढे होत होते, तर काकींनी माझं मनगट धरून मला मागे सारलं होतं, बाईचं कपाळ रिकामं म्हणून. तू तेव्हा छताचे वासे मोजत होतास. ते असो.

तर यंदा गाऱ्हाणं कोण घालणार आणि कसं, हा तुझा प्रश्न. त्याचं उत्तर मला मिळालंय. पण जिथं मिळालं ती जागा ऐकून तू हबकशील. मी हबकले त्याला तीन आठवडे झाले, अजून नीट जेवण जात नाही. (जातं, पण चव लक्षात राहत नाही.)

दिशाचे मित्र दर रविवारी दुपारी आपल्याकडे जमतात हे तुला माहीत आहे. मला वाटायचं पत्ते खेळतात. एकदा चहा घेऊन आत गेले, तर सुयोग अगदी शांतपणे ॲलनला सांगत होता, तुझा डावा हात खांद्यापासून गेला. ॲलन म्हणाला, "चालेल यार, उजव्याने मारतो," आणि त्याने चहात खारी बुडवली. मी ट्रे तसाच धरून उभी राहिले. हा सुयोग ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात कामाला आहे, मान खाली घालून बोलणारा, चपला जिन्यातच काढणारा मुलगा. देशाचे अणू ज्याच्या हवाली आहेत तो सुट्टीच्या दिवशी आमच्या सोफ्यावर बसून लोकांचे हात तोडतो. ॲलन मढचा. त्याची आई विनी माझ्यासाठी दर महिन्याला सुकट पाठवते, त्यामुळे त्याचा हात गेल्याचं मला जास्त लागलं.

मग कळलं तो खेळ कसा असतो. एकजण गोष्ट सांगतो, तो सुयोग. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलतात, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. त्यांच्यातली मांत्रिक होणारी श्रुतिका नोकरीसाठी बंगळुरूला गेली, आणि बाकीचे एका गुहेच्या तोंडाशी येऊन अडकले. मांत्रिकाशिवाय आत गेलो तर वाट लागणार, असं दिशाचं म्हणणं. चार दिवस घरात तोच विषय. शेवटी म्हणाली, "आई, तू बस ना. मांत्रिकाला खूप वाचावं लागतं. तू तर वाणसामानाच्या पुड्यासुद्धा सोडत नाहीस." ते खरं आहे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटली, पुढचं सगळं मी पुड्या, वाचनालय आणि दादांनी आणलेले दिवाळी अंक ह्यांवर शिकले. पण मांत्रिक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपल्या तिठ्यावरचा लिंबं कापणारा आला. मी म्हटलं, तुझा बाप असता तर तुला चपलेनं मारलं असतं. दिशा म्हणाली, "बाबा असते तर पहिले बसले असते." मी कपबशा उचलायला लागले, आणि ती त्यालाच होकार समजली.

मग त्यांनी माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. खंडू, दोन वर्षांत मी जेवढे फॉर्म भरले तेवढे तुझ्या ग्रामपंचायतीनं छापले नसतील. म्हणून मी चष्मा लावला, काळं पेन घेतलं, आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या आणि त्यांवर सह्या केल्या. (ॲलननं त्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि "थँक यू आंटी, व्हेरिफाय करतो" म्हणाला. अजून त्याच्याकडेच आहेत.) नाव लिहिलं. पुढे वंश विचारला होता. मला धक्काच बसला, खेळातसुद्धा जात विचारतात. पण तिथं बुटके, टोकदार कानांचे, अर्धे राक्षस अशी यादी होती. मी "माणूस" लिहिलं. दिशा म्हणाली, आई, सगळ्यात बोअर तोच. मी म्हटलं, दुसरं काही असण्याची मला सवय नाही. मग पान उलटून पाहिलं, परत पुढचं पाहिलं. सुयोगनं विचारलं, काकू, काय शोधताय? मी म्हटलं, पतीच्या नावाचा रकाना. त्यापुढे "मयत" लिहायचं असतं, मला अक्षरही आता छान जमतं. तो म्हणाला, असा रकाना ह्यात नाही. मग मी पाणी पिऊन आले.

पुढे अंगातले गुण. ते फासे टाकून मिळतात आणि आपण वाटायचे. मला एक सतरा पडला, अठरापैकी. नवा मांत्रिक असेल तर सगळ्यात मोठा आकडा बुद्धीला द्यायचा, असा नियम सुयोगनं सांगितला. मी विचारलं, सगळा? अंगमेहनतीला काही नको? तर म्हणाला, काकू, अंगमेहनतीला सहा पुरे, तुम्ही काही उचलायचं नाही. मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. मंत्रही पुस्तकातूनच शिकायचे, अंगात यावं लागत नाही. आणि एवढ्या बुद्धीच्या बाईला जीव किती, तर आठ. खाटकाच्या कोंबडीला जास्त असेल. मोठे मंत्र दिवसाला दोनच, मग झोप काढल्याशिवाय तिसरा नाही. म्हणून नवख्यानं मारामारीचे मंत्र गोळा करत बसू नये, एक बचावाचा घ्यावा, एक सगळ्यांना उपयोगी पडेल असा घ्यावा आणि कुणाच्या तरी पाठीमागे उभं राहावं. मी म्हटलं, मागे उभं राहण्याचा मला चौतीस वर्षांचा अनुभव आहे. ते हसले. मी विनोद केला नव्हता. मी फाटलेलं सांधायचा एक छोटा मंत्र घेतला (तो कितीही वेळा चालतो, आणि दिशाच्या जीन्सवर चालला असता तर मी हा खेळ कायमचा धरला असता) आणि मोठ्यांत झोपेचा.

आता नीट वाच. सुयोग म्हणाला, मंत्राला तीन गोष्टी लागतात. तोंडानं शब्द, हाताची खूण आणि पुढे एखादी वस्तू. तोंड बांधलं तर मंत्र फुकट. झोपेच्या मंत्राला चिमूटभर वाळू लागते, नाहीतर गुलाबाच्या पाकळ्या, नाहीतर रातकिडा. मी म्हटलं, आमच्याकडे नारळ लागतो. कुठल्या मंत्राला, त्यानं विचारलं. मला सांगता येईना, कारण गाऱ्हाणं मी आतापर्यंत मंत्र म्हणून धरलंच नव्हतं.

तर आम्ही गुहेत गेलो. सहा ठेंगणे राक्षस आले. ॲलन पुढे होता, त्याला इतका मार बसला की त्याचा जीव तीनवर आला. दिशा ओरडायला लागली, आई टाक, आई मंत्र टाक. मी म्हटलं, टाकला. सुयोग म्हणाला, "असं नाही काकू, तोंडानं काहीतरी म्हणा. त्यातच मजा आहे." मी उठून उभी राहिले. हात आपोआप जोडले गेले. आणि तोंडातून आलं: बा देवा म्हाराजा, बारा वाटेच्या बारा वेशीच्या धन्या, आज ही तुझी लेकरां तुझ्या उंबऱ्यात उभी हत म्हाराजा.

खंडू, सगळं आलं. एक शब्द चुकला नाही. आपल्या सात पिढ्यांची नावं आली. वेशीवरचा, पाण्यावरचा, पिंपळाखालचा आला. ज्या तिघी जावा वाळीत पडल्या होत्या त्यांचंही गाऱ्हाणं आलं. जी काय चूकभूल झाली असात ती पोटात घाल म्हाराजा. वाकडी नजर पडली असात ती उलटून घे म्हाराजा. आवाजसुद्धा माझा वाटेना, तो दादांसारखा "म्हाराजा"ला खाली उतरत होता. पहिल्या वेळेला "व्हय" म्हणायला कुणी नव्हतं. दुसऱ्या वेळेला ॲलननं खारी खाली ठेवली आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याच्या आळीतल्या मालवणी घरी तो लहानपणापासून गणपतीला जातो. मग दिशा म्हणाली. मग सुयोगही, आणि हे तिघं मिळून आपल्या भरल्या माजघराएवढा आवाज झाला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दार उघडून बघून गेल्या.

शेवटाला एक जागा आहे, तुला माहीत आहे. सगळ्या पोराबाळांचं मागून झालं की दादा मान खाली घालायचे आणि काहीतरी हळू बोलायचे, एकच वाक्य. मागे बायकांत आम्हाला कधी ऐकू आलं नाही. तिथं आले आणि थांबले, कारण मला ते येत नव्हतं. तिघं वाट बघत होते. मग त्या गप्पपणावरच ॲलन म्हणाला, "व्हय म्हाराजा." नंतर मी त्याला विचारलं, मी काहीच बोलले नाही, तू कशाला व्हय म्हणालास? म्हणाला, "आंटी, तुम्ही थांबलात म्हणजे काहीतरी मागितलंत ना."

(नियमाप्रमाणे त्या खेळात एक पाळी सहा सेकंदांची असते. मी अकरा मिनिटं घेतली. सुयोगनं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, राक्षस ऐकत उभे होते. फासे टाकले तर सहाही झोपले. तू लहानपणी गाऱ्हाण्याला उभ्या उभ्या पेंगायचास, तसेच. पण हा मंत्र सगळ्यात अशक्त माणसाला आधी गाठतो, त्यामुळे ॲलनही झोपला आणि त्याला दिशानं पाय धरून गुहेबाहेर ओढलं. पहिल्याच दिवशी आपलं माणूस पाडल्याचा मला धक्का बसला होता, पण हे नवख्यांकडून होतंच म्हणे.)

तर वही नाही, पण गाऱ्हाणं आहे. काळजी करू नकोस. मी ते स्वच्छ अक्षरात लिहून ह्या पत्रासोबत जोडते, तू पाठ कर, म्हणजे यंदा मोबाइल लागायला नको. नीलाला सांग, खोकल्यावर ज्येष्ठमध चघळ. म्हैस व्यायली की कळव.

तुझी वहिनी,
रत्नप्रभा

ता. क. सोबत काही जोडलेलं नाही, शोधत बसू नकोस. चार वेळा लिहायला बसले. कागदावर तिसऱ्या ओळीच्या पुढे जात नाही. उभं राहून मोठ्यानं म्हटलं आणि कुणी "व्हय" म्हटलं तरच ते येतं.

ता. क. २. म्हणून यंदा गाऱ्हाणं मी घालणार आहे. मागे उभी राहून तुला पुढचा शब्द सांगणार नाही, पुढे उभी राहून घालणार आहे. काकी माझं मनगट धरतील तेव्हा तू वासे मोजू नकोस, एवढंच तुझ्याकडे मागते. नारळ तू सोल. दिशा येतेय, ॲलन आणि सुयोगही येतो म्हणतात, त्यांना ओटीवर झोपायला जागा कर. "व्हय" म्हणणारी निदान तीन तोंडं मी माझी घेऊन येतेय. बाकीचं तू आणि नीला बघा.

ता. क. ३. तू दरवर्षी दादांच्या अगदी खांद्याला लागून उभा असायचास. ते शेवटचं हळू वाक्य तुला ऐकू येत असणार. पेंगत नसशील तर ते काय होतं, लिहून कळव. मन राखायला काही रचू नकोस, मी ओळखीन. ते माझ्याबद्दल असायला हवं असं नाही. म्हशीबद्दल असलं तरी कळव.