हात थरथरतो, हे लिहावं का?

रविवार, ११ ऑगस्ट
दुपार

तीर्थरूप बाबा,

तुम्हा दोघांना नमस्कार. मी मजेत आहे. तुम्ही अक्षर लावत लावत वाचता, म्हणून मोठं आणि सुटं लिहिते आहे. आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. तुमची ती खोड मला ठाऊक आहे.

कॉलेजच्या दवाखान्यातले पेशंट गेले की कधीकधी मी त्यांच्या खुर्चीत आडवी होते. दात दाखवायला तोंड उघडून पडलेल्या माणसाला नुसतं छत दिसतं. मीही बघत राहते. गिलाव्यात थापीचे वळसे दिसतात, हळूहळू त्यांची नदी होते, नदीवर ढग उतरतात. वाटतं, तुम्हीच कधीतरी गवंडीकामाला येऊन, परांचीवर उभे राहून, मान वर करून, हे फिरवून गेला असाल.

ब्लॉग म्हणजे काय, असं तुम्ही फोनवर विचारलंत. इंटरनेटवरचा फळाच म्हणा. आपण लिहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचायचं. मी तिथे त्या छतांबद्दल लिहिते. आणि दात कोरायचं यंत्र हातात घेतलं की सुरुवातीला माझा हात थरथरतो, तेही लिहिलं. नावानिशी. तुम्हाला मात्र कधी बोलले नाही.

परवा एक काकू खुर्चीत बसल्या. गळ्याला फडकं बांधलं, दिवा लावला. त्यांनी माझ्या कोटावरचं नाव वाचलं.

"थरथरणारी ती तूच का गं?"

"हो."

"मग राहू दे बाई. एकच दाढ धड उरलीये!"

आणि फडक्यासकट निघून गेल्या. सगळे हसले. मीही हसले.

आमच्या मॅडम हसल्या नाहीत. स्वतःच्या दवाखान्यात परीक्षेनंतर मला घेणार होत्या ना, त्या.

"शिकताना सगळ्यांचाच हात थरथरतो," त्या म्हणाल्या. "माझाही थरथरायचा. मी काय दवंडी पिटली? आधी हात बसू दे, मग लिही हवं तेवढं. तो लेख काढून टाक."

बाबा, मॅडम चांगल्या आहेत. आम्ही काम करतो तेव्हा शेजारी उभ्या असतात, कुणाला इजा होऊ देत नाहीत. लेख काढायला एक बटण दाबायचं, बस. कितीदा त्यावर बोट नेलं. पण काकू वाचून उठल्या, तो त्यांचा हक्कच होता. मग पुढच्या माणसाला कळू न देता त्याला तोंड उघडायला कसं सांगू? आणि एक सांगू? लिहिल्यापासून हात लवकर स्थिरावतो. लपवायचं काम तेवढं कमी झालं.

आता पानभर टाळलेलं सांगते. काल मॅडमना नाही म्हणून आले. "मग माझ्याकडे नको येऊस," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या कोटाची दुमडलेली कॉलर नीट केली. जिना उतरताना पाय जमिनीला लागत नव्हते. भीतीने की कशाने, कळलं नाही.

आईने तर गल्लीभर सांगून ठेवलंय, पोरगी मोठ्या दवाखान्यात लागली म्हणून. तिला म्हणावं, डॉक्टर मी होईनच. कुठे, ते मलाही माहीत नाही. ती रागावली तर रागावू दे. तुम्ही मात्र, माझं चुकलं की बरोबर, ते फोनवर सांगू नका. स्वतःच्या अक्षरात लिहा. वेळ लागला तरी मी थांबेन.

तुमची,
भीत भीतच धीट होणारी
भागूबाई