फिजीचा कमांडर आणि आमचं मंडळ

१३ एप्रिल २००९, गेर्लिंगेन, जर्मनी

फिजीत राज्यघटना गेली. गुड फ्रायडेला. इथे त्या दिवशी दुकानं बंद होती, तिथे घटना बंद झाली. आदल्या दिवशी कोर्टानं सांगितलं की हे लष्करी सरकार बेकायदा आहे. दुसऱ्या दिवशी घटनाच रद्द, न्यायाधीश घरी, आणि पाठोपाठ लष्कराचा कमांडर पुन्हा पंतप्रधान. माझा नवरा देवदत्त पत्त्यांत हरायला लागला की असाच सगळे पत्ते गोळा करतो आणि म्हणतो, चहा टाकू का.

पुण्याच्या साप्ताहिकातल्या माझ्या ह्या वेळच्या लेखाचा प्रश्न सुटला. फिजीशी माझा संबंध काय? काही नाही. मी ज्या ज्या देशांची टिंगल केली त्यांतल्या एकाही देशाला अजून पत्ता लागलेला नाही. जिथे राहते तिथल्याबद्दल मात्र अवाक्षर लिहीत नाही, कारण खालच्या क्नोडलरबाईंना मराठी येत नसलं तरी संशय लगेच येतो. माझं धाडस लांबच्या गाडीचं आहे. जवळच्या स्टेशनांवर थांबत नाही.

१६ एप्रिल

तिथल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आता सरकारी माणूस येऊन बसतो आणि मजकूर तपासतो. एका पेपरनं कापलेल्या बातम्यांच्या जागा तशाच कोऱ्या सोडल्या. दुसऱ्यानं त्याहून कमाल केली. बातमी छापली – ‘माणूस बसमध्ये चढला.’ बस. ह्यात काय कापणार?

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग मत्सर वाटला. पंचवीस वर्षं उपहास लिहितेय म्हणे, आणि असं एक वाक्य नाही सुचलं. देवदत्त म्हणाला, ‘‘तुझ्या उशाशी पोलीस बसव, सुचेल.’’ कंपनीत काम कमी म्हणून त्याला शुक्रवारी सुट्टी देतात – कुर्त्सआर्बाइट. आज गुरुवार आहे. शुक्रवारचं बोलणं तो आधीच उरकून घ्यायला लागलाय.

९ मे

विभावरी आली. इथल्या मराठी मंडळातलं मुलांचं नाटक दर गणपतीला ती बसवते. ‘‘अगं वसुधा, पोरं मोठी झाली. आता त्यांना ससा-कासव करायला सांगितलं तर मलाच कासव म्हणतील. तू लिही की काहीतरी.’’

मी म्हटलं, फिजी लिहिते. ती म्हणाली, ‘‘फिजी काय, फ्रीज लिही. फक्त स्वरालीला मोठं काम दे.’’

स्वराली माझी लेक, चौदाची. मराठी सगळं कळतं, बोलत एक शब्द नाही. मी मराठीत ओरडते, ती जर्मनमध्ये शांत राहते. पुण्याहून आईचा फोन आला की दोघी एकमेकींचा श्वास ऐकतात आणि मग फोन माझ्याकडे येतो. आई विचारते, ‘‘पोर बोलत का नाही गं माझ्याशी? मी काही केलं का?’’ चारशे ओळींचा लेख मी चहा पिता पिता लिहिते. ह्या एका प्रश्नाला उत्तर नाही लिहिता आलं.

२४ मे

आमच्या नेकारकाठ मराठी मंडळाच्या अध्यक्षांची मेल. चारुदत्त. नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात आहेत, घरी पोहेसुद्धा बाणांचा आराखडा काढून करत असावेत. त्यांची मुदत मार्चमध्येच संपली. आता लिहितात, ‘सद्यःपरिस्थितीत निवडणुकीनं सभासदांचं चित्त विचलित करणं योग्य नाही. हंगामी कार्यकारिणी गणेशोत्सव पार पाडेल.’

आणि सुधारणा! पुणे-मुंबईचे दोन, विदर्भाचा एक, उरलेल्या महाराष्ट्राचा एक, हे कार्यकारिणीतलं जुनं वाटप रद्द. ‘आता आपण सगळे फक्त नेकारकर.’ कार्यक्रम छापलेल्या वेळेला सुरू होणार. जेवणाची रांग एकच, ओळखीच्यांनी मध्ये घुसायचं नाही.

मला हे सगळं आवडलं, हीच पंचाईत. कमांडरचंही तसंच आहे. वंशवार मतदारयाद्या मोडून सगळ्यांचं मत सारखं करणार म्हणतो. ह्याला नाही कसं म्हणायचं? फक्त ते मत कधी द्यायचं, तेवढं सांगत नाही.

१४ जून

तालीम झाली. नाटकात एक बेट, एक कमांडर, आणि स्वराली पेपरची संपादक. कमांडर हुकूम काढतो – पंचावन्नला सगळे निवृत्त, शेजारच्या देशाचा पत्रकार विमानात बसवून परत – आणि प्रत्येक हुकुमानंतर संपादकबाई कोरा पेपर उघडून वाचते, ‘आज माणूस बसमध्ये चढला.’ मग कमरेत वाकून, ‘कमांडरसाहेब, जनता आपली आभारी आहे.’

पहिल्यांदा ते गिळलेल्या बटाट्यासारखं आलं. दहाव्यांदा बरं आलं. घरी येताना बसमध्ये माझ्या कानाशी हळूच, मराठीत – ‘‘आई, बघ, माणूस बसमध्ये चढला.’’

मी खिडकीबाहेर बघत बसले. काही बोलले असते तर ती लगेच जर्मनमध्ये परत गेली असती.

२ जुलै

कमांडरनं काल जाहीर केलं : निवडणुका होतील. २०१४ साली.

आमच्याकडेही परराष्ट्रसंबंध बिघडले. र्युसेल्सहाइमचं मराठी मंडळ दरवर्षी आमच्या गणपतीला आपलं ढोलपथक पाठवतं. त्यांच्या वार्षिक जेवणात कोणीतरी चारुदत्तांना विचारलं, तुमच्याकडे निवडणूक झाली का हो? चारुदत्तांनी उलट मेल केली – ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे’ – आणि त्यांच्या प्रतिनिधीची पहिल्या रांगेतली खुर्ची रद्द केली. त्यांचं उत्तर आलं की यंदा ढोल दुरुस्तीला गेले आहेत. सगळे. एकदम.

११ जुलै

चारुदत्त घरी आले. हातात नाटकाची प्रत, पिवळ्या पेननं रंगवलेली.

‘‘वहिनी, आल्झो... म्हणजे, मी वाचलं.’’

‘‘आवडलं का?’’

‘‘हा कमांडर कागदावर बाण काढून समजावतो.’’

‘‘अहो, फिजीत काढत असतील.’’

‘‘आणि दर वाक्यात ‘सद्यःपरिस्थिती’ म्हणतो. फिजीत मराठी बोलतात?’’

देवदत्त चहा टाकायला गेला. पत्ते नसतानाही.

चारुदत्त म्हणाले, कमांडरचा राजा करा, बेटाचं जंगल करा, पोरांना काय फरक पडतो. मी लेखनस्वातंत्र्यावर बरंच बोलले. ते ऐकत राहिले. उठताना म्हणाले, ‘‘मी रविवारी सकाळी सहाला हॉलच्या हाउसमाइस्टरकडे, त्या रखवालदाराकडे, जाऊन चावी आणतो. गेली पाच वर्षं. तेपण घाला नाटकात.’’

इथे खोटं कशाला लिहू. बाण मीच घातले. मिशीसुद्धा घातली होती. विभावरीनं काढायला लावली.

१९ जुलै

सर्वसाधारण सभा. उभी राहून भाषण ठोकलं. फिजी काढलं, कोरे रकाने काढले, बसमध्ये चढलेला माणूस काढला. टाळ्या पडल्या. वाटलं, बाई, आज तू उपहासकार नाहीस, आज तू इतिहास आहेस.

चारुदत्त उठले. हॉलची चावी, माइकची पिशवी, आरतीच्या ताटाचा डबा – सगळं टेबलावर ठेवलं. ‘‘एवढं कळतंय तर तुम्हीच करा.’’

मराठी माणसाच्या कोणत्याही क्रांतीचा शेवट ह्याच वाक्यानं होतो. सभागृहात प्रत्येकाला अचानक बुटाची नाडी सापडली. मी देवदत्तकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. मग विभावरी म्हणाली, ‘‘वसुधा करेल. गणपतीपुरतं. हंगामी.’’

एकमतानं मंजूर. माझं मत कोणी विचारलं नाही.

२० जुलै

आरतीच्या ताटाचा डबा आमच्या धुण्याच्या यंत्रावर आहे. साप्ताहिकाचा लेख नाही झाला.

२ ऑगस्ट

सहाला चावी आणायला गेले. हाउसमाइस्टर माझ्याकडे पाहून म्हणाला, हेर – म्हणजे श्रीयुत – चारुदत्त कुठे? जणू मी त्यांना तुरुंगात टाकलंय.

मोदक किती, गहू न खाणारे किती, नागपूरकरांना वेगळं तिखट हवंय, मुंबईकर म्हणतात आमचा नाच आधी घ्या कारण पोरं झोपतात, पुणेकर म्हणतात पोरं झोपतातच. मी मेल लिहिली : एकच रांग, एकच तिखट, कार्यक्रम छापलेल्या क्रमानं. ‘हे सर्वांच्या सोयीसाठी आहे.’

पाठवल्यावर वाचली. बरी लिहिली होती.

काल जिना झाडायची पाळी आमची होती, ती विसरले. क्नोडलरबाईंनी पाळीची पाटी आमच्या दारावर अडकवून ठेवली. त्यांचं सरकार ह्या इमारतीत सत्तर सालापासून आहे आणि जिना खरोखर स्वच्छ आहे.

८ ऑगस्ट

कोणीतरी विचारलं, निवडणूक कधी? मी म्हटलं, अहो आधी गणपती तर बसू दे.

स्वराली आता आरशासमोर एकटीच तालीम करते. ‘आभारी’ म्हणताना भुवई उचलते. मी शिकवलेलं नाही. आईला फोनवर तिनंच सांगितलं, ‘‘आजी, मी संपादक आहे.’’ आई रडली. मग म्हणाली, बाराशेचा माइक घेऊन मी शेजारच्यांकडे कॉम्प्युटरवर बसणार आहे, नाटकाच्या दिवशी.

१२ ऑगस्ट

र्युसेल्सहाइमकर ढोल द्यायला तयार आहेत. ‘फक्त जुना वाद पुन्हा स्टेजवर निघायला नको हो वसुधाताई.’ नाटकाचं नाव घेतलं नाही त्यांनी. मीच घेतलं मनात.

मग चारुदत्तांच्या घरी गेले, आरतीला या म्हणायला. अर्धं मंडळ त्यांच्या बाजूनं घरी बसणार असं कानावर आहे. ते बागेत टोमॅटोला काठ्या बांधत होते. बागेत बाण नव्हते. म्हणाले, ‘‘येईन की. मी कशाला अडून बसू?’’ मग पुढची काठी बांधता बांधता, ‘‘नाटक कितीला आहे? त्या वेळेला मी जरा बाहेर थांबेन. गाड्या लावायला कोणीतरी लागतंच.’’

त्यांनी अजिबात काही मागितलं नाही. मागितलं असतं तर नाही म्हणणं किती सोपं होतं. स्वातंत्र्यावरचं भाषण तयारच होतं माझ्याकडे.

घरी येऊन देवदत्तला विचारलं, काय करू? तो म्हणाला, ‘‘तू अध्यक्ष आहेस.’’ पूर्वी तो असं बोलायचा नाही.

१४ ऑगस्ट

कार्यक्रमपत्रिका छापायला गेली. ढोल आहेत. चारुदत्त आरतीला आहेत. सगळे एका रांगेत जेवणार आहेत. मुलांच्या नाटकाच्या जागी भजन घेतलं. विभावरीला फोन केला – पुढच्या वर्षी नक्की, परिस्थिती जरा निवळली की. ती म्हणाली, ‘‘पोरांना तू सांग.’’

१५ ऑगस्ट

जेवताना स्वरालीला सांगितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला. उठली, कमरेत वाकली, आणि एकही अक्षर न अडखळता म्हणाली, ‘‘कमांडरसाहेब, जनता आपली आभारी आहे.’’

त्यानंतर दिवसभर जर्मन.